खरं बोलणारं माणूस

हेमलता मगदूमनं दोनशे सदतीस माणसांना शब्द दिला, तेव्हा ती खोटं बोलत नव्हती. पुढं लेबर कोर्टात कंपनीच्या वकिलानं हाच प्रश्न तिला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला आणि तिन्ही वेळा तिनं हेच उत्तर दिलं. उत्तर खरं होतं. त्याचा तिला स्वतःला काहीही उपयोग झाला नाही.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत वज्रकास्ट नावाची फाउंड्री होती. पंपांच्या आणि व्हॉल्व्हच्या लोखंडी बॉड्या तिथं ओतल्या जात. सहाशे बारा माणसं कामाला. हेमलताचे वडील तिथंच कोअर शॉपमध्ये होते, म्हणजे ओतलेल्या वस्तूच्या आत जी पोकळी हवी असते तिच्यासाठी वाळूचे गाभे हातानं बनवायचे. शेजारच्या शेडमध्ये त्यांचा मित्र दस्तगीर मुल्लाणी मोल्डर, म्हणजे वाळूचा बाहेरचा साचा करणारा, होता. मूठभर वाळू दाबून, ती मोडताना कशी तुटते हे बघून, पाणी कमी आहे की जास्त हे तो सांगायचा. प्रयोगशाळेचा आकडा नंतर यायचा आणि बहुतेक वेळा त्याच्याशी जुळायचा. हेमलता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना वडील गेले, तेव्हा तिला हाताला धरून साहेबांच्या केबिनपर्यंत नेणारा दस्तगीरच होता.

ते साहेब म्हणजे मुकुंद करंबेळकर. त्यांनी तिला टाइम ऑफिसात हजेरी लिहायला घेतलं, पुढं स्वतःच्या शिफारशीनं शिकायला पाठवलं आणि हळूहळू मनुष्यबळ विभागाची प्रमुख केलं. एव्हाना करंबेळकर कार्यकारी संचालक झाले होते. कामगारांचं काही अडलं की ते हेमलताकडं यायचे आणि करंबेळकरांना कामगारांचं मन कळायला हवं असलं की तेही हेमलताकडंच यायचे. दोन्ही बाजूंना ती आपली वाटायची, आणि तिला त्याचा अभिमान होता.

'पडसाद' ही प्रणाली करंबेळकरांनी आणली, त्या दिवशी त्यांनी सगळ्यात आधी तिलाच केबिनमध्ये बोलावलं.

"हेमलता, आपण फेटलिंग शॉपमध्ये धूळ ओढणारी बूथ बसवली, ती कुणी वापरली नाही. पाळ्यांच्या वेळा बदलल्या, तर चार दिवस काम बंद राहिलं. बदल चांगलाच होता, पण आपल्याला सांगता आला नाही. हे यंत्र त्याच्यावरचं औषध आहे."

"यंत्र माणसांना समजावणार, सर?"

"यंत्र नाही समजावणार. कुणी, कुणाला, कधी समजवायचं एवढंच सांगणार."

प्रणाली समजायला अवघड नव्हती. हवामानाचा अंदाज काढताना आजच्या वारा-तापमानाच्या नोंदी घेऊन संगणकात वातावरणाची एक नक्कल तयार करतात आणि ती थोड्याथोड्या फरकानं हजारदा पुढं पळवून बघतात. नऊशे वेळा पाऊस पडला तर पावसाची शक्यता नव्वद टक्के. पडसाद हेच माणसांच्या बाबतीत करत होतं. प्रत्येकाच्या ओळखपत्रात शर्टाच्या बटणाएवढी एक चिप असायची. कोण कुणाजवळ किती वेळ थांबतो, कुणाशी बोलताना त्याचा आवाज चढतो, कुणाशी बोलताना सैल पडतो, दोन वाक्यांच्या मध्ये श्वास कसा घेतो, हे ती टिपायची. सहा महिन्यांच्या नोंदींवरून सहाशे बारा माणसांच्या सहाशे बारा छोट्या नकला तयार व्हायच्या. मग त्या नकलांच्या कारखान्यात एखादी बातमी सोडायची आणि ती कशी पसरते, कुठं अडते, कुठं पेटते हे हजारदा बघायचं.

हेमलतानं दोन अटी घातल्या. शब्द नोंदवायचे नाहीत, फक्त आवाजाचा चढउतार. आणि ज्याची नोंद आहे त्यानं मागितली तर त्याची फाइल त्याला द्यायची, पूर्ण, एकही पान न वगळता.

"कायद्यातही आता तसंच आलंय," करंबेळकर म्हणाले. "घाल अट. बरंच आहे."

पहिला प्रयोग फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायच्या शेडमधल्या, त्या धुळीच्या बूथचा. पडसादनं सांगितलं, सुपरवायझरांची सभा घेऊ नका. पाळी सुटताना हात धुवायच्या नळापाशी शंकर कोगे नावाचा माणूस उभा असतो, त्याला आधी विचारा. हेमलता गेली. शंकर कोगे कमी बोलणारा होता. त्यानं एवढंच सांगितलं, "मॅडम, बूथ ठेंगणी हाय. दिवसभर वाकून ग्राइंडर धरला तर पाठ राहंल काय?" बूथ नऊ इंच उचलून बसवली. दोन आठवड्यांत सगळे तिच्यात उभं राहून काम करू लागले. वर्षभरानं तपासणीला आलेल्या डॉक्टरनं फुप्फुसांचे आकडे सुधारल्याचं सांगितलं, त्या दिवशी हेमलतानं घरी गोड केलं.

तिचा यंत्रावर विश्वास बसला तो असा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिला स्वतःलाच काहीतरी उमगलं होतं. दुसऱ्या कारखान्यांतून तिला बोलायला बोलावणी येऊ लागली, तेव्हा ती सांगायची, "माणसं बदलाच्या आड येत नाहीत. आपल्याला सगळ्यात शेवटी कळलं, याचा त्यांना राग असतो. आधी जाऊन विचारा. नवीन यंत्राला हात लावू द्या. आणि जे तुम्हालाच माहीत नाही ते माहीत नाही म्हणून सांगा."

मग वाळू छापणारं यंत्र आलं.

ते वाळूचा केसाएवढा थर पसरायचं, त्यावर हवा तिथंच चिकट द्रावाची फवारणी करायचं, त्यावर दुसरा थर, मग तिसरा. बारा तासांत साचा आणि गाभा दोन्ही तयार. साचा उठवायला लाकडी पॅटर्न नको, मोल्डर नको, कोअर शॉप नको. अशी सहा यंत्रं येणार होती. दोनशे सदतीस माणसांचं काम जाणार होतं.

"कुणाची नोकरी जाणार नाही," करंबेळकरांनी तिला सांगितलं. "गडहिंग्लज रस्त्याला नवीन युनिट काढतोय. जुने पंप, जुनी टर्बाइनं दुरुस्त करायची. हाताचं काम आहे, आपल्याच माणसांना जमेल. फक्त ती कंपनी कागदोपत्री वेगळी आहे. त्यामुळं इथला राजीनामा देऊन तिथं रुजू व्हावं लागेल. जुनी वर्षं धरली जातील, तसं पत्रात आहे."

हेमलतानं पत्र वाचून खाली ठेवलं. "सर, एक विचारू? हे युनिट खरंच चालणार आहे ना?"

"तू स्वतः बघून ये. उद्याच जा."

ती गेली. शेड उभी होती. फरशीचं काम चाललं होतं. एका बाजूला ताडपत्रीखाली यंत्रांच्या पेट्या रचलेल्या होत्या. तिथल्या अभियंत्यानं तिला कँटीनची जागा दाखवली, बायकांसाठी वेगळी खोली दाखवली. तिनं खिडक्या कमी आहेत असं सांगितलं, तर त्यानं वहीत टिपून घेतलं. परत आल्यावर तिनं करंबेळकरांना शेवटचं विचारलं, आणि ते म्हणाले, "बावीस वर्षांत मी तुला कधी खोटं सांगितलंय?"

तिनं मनापासून आठवून बघितलं. नव्हतं सांगितलं.

कुणाला कधी भेटायचं याची यादी पडसादनं दिली. पहिलं नाव दस्तगीर मुल्लाणी. जागा, त्याचीच शेड. वेळ, दुपारचं जेवण झाल्यावर.

दस्तगीर साच्याच्या कडा पाण्याच्या ब्रशनं ओल्या करत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. यंत्रं येणार, हे काम संपणार, नवीन युनिट, राजीनामा. एकही गोष्ट लपवली नाही. तिला ठाऊक असलेली.

दस्तगीरनं ब्रश डब्यात ठेवला. "हेमा, सातारच्या एका फाउंड्रीनं मला बोलावलंय. काम करायला न्हाई, शिकवायला. नवीन लोकांना हातानं साचा कसा करायचा ते दाखवायचं. उस्ताद म्हणून. ऱ्हायला खोली बी देत्यात. गेल्या म्हैन्यात चिठ्ठी आलीया. मी अजून हो बी न्हाई म्हनलं आन न्हाई बी न्हाई."

"मग?"

"मग तू सांग. सायबाचं नको सांगू. तुझं सांग. जाऊ का ऱ्हाऊ?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. तो सत्तावन्न वर्षांचा होता, त्याची बायको गुडघ्यांनी अधू, लेक शेजारच्या गावात दिलेली. त्याला सातारला जायचं नव्हतं, हे कुणालाही दिसलं असतं.

"राहा मामा," ती म्हणाली. "मी बघून आलेय. इथंच राहा."

त्यानं त्याच संध्याकाळी राजीनाम्यावर सही केली. दुसऱ्या दिवशी चौदा जणांनी केली. नवव्या दिवशी दोनशे सदतीस पत्रं तिच्या टेबलावर होती. प्रत्येकावर साक्षीदार म्हणून तिची सही. कारखान्यात एक तासही काम थांबलं नाही. करंबेळकरांनी संचालक मंडळापुढं तिचं नाव घेऊन कौतुक केलं.

अकरा महिन्यांनी नवीन युनिटच्या फाटकावर नोटीस लागली. मागणीअभावी कंपनी बंद करण्यात येत आहे. हेमलताला हे ऑफिसातून कळलं नाही. कोअर शॉपमधल्या सुरेखा कांबळेचा सकाळी दहाला फोन आला, "मॅडम, आमी फाटकाभाईर हाय. तुमाला ठाऊक हुतं काय?"

करंबेळकर मुंबईत होते. दोन दिवस त्यांचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "बाजार पडला, हेमलता. दुरुस्तीला पंपच आले नाहीत. आपण काय करणार?" आणि तिनं तेही खरं मानलं. पुढचे आठ दिवस ती गावोगावच्या कारखान्यांना फोन करून मोल्डर लागतात का विचारत राहिली. सातारलाही केला. तिथली जागा भरून वर्ष होत आलं होतं.

नवव्या दिवशी दस्तगीर तिच्या केबिनमध्ये आला. ती उठून उभी राहिली. तो बसला नाही.

"मला माजी फाइल पायजे, मॅडम."

तो तिला आयुष्यात पहिल्यांदा मॅडम म्हणाला होता.

"कुठली फाइल, मामा?"

"त्या बिल्ल्याची. तुमीच सांगितलं हुतं, मागंल त्याला द्यायाची. पूर्ण."

तोवर कुणीच फाइल मागितली नव्हती. त्यामुळं त्यातलं काय झाकायचं, याच्या सूचनाही कुणी यंत्राला दिलेल्या नव्हत्या. हेमलतानं नाव टाकलं. छपाई यंत्रातून एकवीस पानं बाहेर आली. दस्तगीरला बारीक अक्षर दिसत नव्हतं, म्हणून तिनंच वाचायला घेतलं. कोणाशी किती बोलतो, कोण त्याचं ऐकतं. सहाव्या पानावर ती थांबली.

"वाचा की."

"कर्मचारी सही करील याची शक्यता, संचालकांनी सांगितल्यास एकोणीस टक्के. युनियनमार्फत, चव्वेचाळीस टक्के. हेमलता मगदूम यांनी सांगितल्यास, ब्याण्णव." तिचा आवाज खाली गेला. "याच्या सहीनंतर इतरांच्या सह्या नऊ ते बारा दिवसांत. कर्मचाऱ्यास सातारा येथून बोलावणे आहे. ते स्वीकारण्याआधी भेट घ्यावी."

दस्तगीरनं विचारलं, "सातारचं मी कुनाला सांगितलं हुतं? फकस्त कोग्याला. नळावर."

यंत्रानं शब्द ऐकले नव्हते, निदान करारात तरी तसंच होतं. पण पान सगळं सांगत होतं.

"आता तुमची काढा," तो म्हणाला.

तिला ते सुचलंच नव्हतं. तिनं स्वतःचं नाव टाकलं. फाइल तिच्या कल्पनेपेक्षा मोठी निघाली. एका पानावर तक्ता होता, मथळा 'संदेशवाहकाची स्थिती'. खाली पडसादनं आपलं म्हणणं मांडलं होतं. ऐकणारा माणूस शब्दांवरून खोटं ओळखत नाही. बोलणाऱ्याचा श्वास, मध्येच पडणारी खीळ, किंचित हलणारा आवाज यांवरून त्याचं त्यालाही न कळता ओळखतो. सांगणाऱ्याला नवीन युनिट बंद करण्याचं नियोजन माहीत असेल, तर एकूण स्वीकृती एकतीस टक्के. माहीत नसेल, तर अठ्ठ्याऐंशी.

त्याखाली शिफारस होती. संदेशवाहकास नियोजनाची माहिती देऊ नये. शंका आल्यास स्थळभेट घडवावी. स्थळभेटीच्या वेळी बांधकाम चालू असावे.

आणि त्याखाली मंजुरीची सही. मु. वि. करंबेळकर. तारीख तिनं दस्तगीरला 'राहा' म्हणून सांगितलं, त्याच्या चार महिने आधीची.

तिनं हे सगळं मोठ्यानं वाचलं. अर्ध्यात थांबावंसं वाटलं, पण समोर तो उभा होता. वाचून झाल्यावर तिनं पानं उलटी करून ठेवली.

"म्हंजे तुमाला ठाऊक न्हवतं," दस्तगीर म्हणाला.

"नाही, मामा."

"बरं," तो म्हणाला. आपली एकवीस पानं त्यानं घडी करून खिशात घातली आणि निघून गेला. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

करंबेळकरांनी पान बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. नाकारलं नाही.

"ही यंत्रं घेतली नसती, तर दोन वर्षांत आख्खा कारखाना बंद पडला असता. सहाशे बारा माणसं. आज तीनशे पंच्याहत्तर आत आहेत. मी हिशेब केला आणि कमी वाईट ते निवडलं."

"मग तसं सांगायचं होतं."

"सांगितलं असतं, तर संप झाला असता. सगळंच गेलं असतं. हजारदा चालवून बघितलं, हेमलता. हजारातून सातशे वेळा गेलं असतं."

"तीनशे वेळा नसतं गेलं."

त्यांनी चष्मा उचलून पुसायला घेतला.

"त्या पेट्यांत काय होतं?" तिनं विचारलं.

"कुठल्या?"

"गडहिंग्लज रस्त्याच्या शेडमध्ये. ताडपत्रीखालच्या."

"जुने लेथ. भंगारात निघणारे." मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ, मी तुला एकदाही खोटं बोलायला लावलं नाही. ठरवून लावलं नाही. दुसरा कुणी असता तर त्यानं तुला सगळं सांगून वर बोलायला पाठवलं असतं. मी तुला त्यातून वाचवलं. तुझे हात स्वच्छ आहेत."

तेवीस वर्षं ती या माणसाच्या शब्दावर चालली होती. वडिलांच्या वर्षश्राद्धाला ते न बोलावता आले होते. तिच्या पहिल्या भाषणाच्या वेळी मागच्या रांगेत बसून त्यांनी टिपणं काढली होती. ते सगळं खरं होतं की तेव्हापासूनच तिची कुठंतरी नोंद होत होती, असा प्रश्न तिच्या मनात आला आणि आपण हा प्रश्न विचारतोय याचंच तिला वाईट वाटलं.

"तुम्ही मला विचारलं असतं तर?" ती म्हणाली.

"तर तू नाही म्हणाली असतीस."

"ते यंत्रानं सांगितलं?"

"नाही," करंबेळकर म्हणाले. "ते मला ठाऊक होतं."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती राजीनामा लिहायला बसली. चार ओळी झाल्या. आई शेजारी लसूण सोलत होती. कोअर शॉपच्या माणसाची बायको म्हणून तिनं अठ्ठावीस वर्षं काढली होती. तिला आधीच सगळं कळलं होतं, दस्तगीरच्या बायकोकडून.

"काय लिहितीस?"

"सोडतेय नोकरी."

आईनं दोन पाकळ्या सोलल्या. "सोड की. तू सुटशील." मग थोड्या वेळानं म्हणाली, "ती माणसं कुठं सुटली पण?"

हेमलतानं फाइल पुन्हा उघडली. शेवटचं पान तिनं अजून वाचलेलं नव्हतं. 'नियोजन कळल्यास संदेशवाहकाचे संभाव्य वर्तन. शांतपणे राजीनामा, चौऱ्याहत्तर टक्के. काही न बोलता काम चालू ठेवणे, एकोणीस. उघड करणे, सात.'

ती ते पान बराच वेळ बघत बसली. राजीनामा देऊन आपण फार ताठ मानेचं काहीतरी करतोय, असं तिला सकाळपासून वाटत होतं. तिनं लिहिलेल्या ओळी पुसल्या.

सोमवारी ती अ‍ॅडव्होकेट विद्या हुपरीकरांकडं गेली. कामगारांनी त्यांनाच वकील केलं होतं. त्यांनी फाइल वाचली आणि सरळ सांगितलं, "याच्यावर खटला उभा राहतो. पण साक्षीदार म्हणून प्रत्येक पत्रावर सही तुमची आहे. कंपनी म्हणेल, फसवलं ते या बाईंनी, आम्हाला काही ठाऊक नाही. तुमच्यावरच ठपका ठेवतील. आणि कामगार तुमच्या बाजूनं उभे राहतील असं मी सांगू शकत नाही."

"त्यांनी राहावं असं मी म्हणत नाही," हेमलता म्हणाली.

आठवड्याच्या आत तिला निलंबित केलं. ऑफिसातल्या लोकांनी तिचे फोन घेणं बंद केलं. खटला चौदा महिने चालला. कंपनीचा वकील तेच तेच विचारत राहिला. तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं? एवढ्या वर्षांच्या अनुभवानंतरही? मग तुम्ही नालायक होता की सामील होता? बाकावर दस्तगीर, सुरेखा, शंकर कोगे आणि बाकीचे बसलेले असायचे. त्यांच्याकडं न बघता ती उत्तरं द्यायची. मधल्या सुट्टीत ती एका टोकाला चहा घ्यायची, ते दुसऱ्या टोकाला.

निकाल लागला. फसवणुकीनं घेतलेले राजीनामे राजीनामेच नव्हेत, दोनशे सदतीस जण आजही वज्रकास्टचेच कामगार आहेत, असं न्यायालयानं म्हटलं. यंत्रानं कुणाला खोटं सांगितलेलं नाही, सांगणाऱ्याला अज्ञानात ठेवण्याचा निर्णय माणसाचा आहे, हेही निकालात होतं. हेमलतावरचा आरोप गेला. करंबेळकर पायउतार झाले. जाताना त्यांनी तिला एक चिठ्ठी पाठवली, ती तिनं उघडली नाही.

तोवर काहीजण इचलकरंजीला, काही पुण्याला गेले होते. एकजण वारला होता. एकशे एकसष्ट परत आले.

नवीन संचालक बाहेरून आल्या होत्या. त्यांनी हेमलताला कामावर घेतलं आणि म्हणाल्या, या माणसांना वाळू छापणाऱ्या यंत्रांवर शिकवायचं आहे, ते तुम्हीच त्यांना सांगा. तोंडी सांगण्यापेक्षा आधी कागदच वाचून दाखवते, असं हेमलता म्हणाली.

सकाळी साडेआठला कँटीनमध्ये सगळे जमले. ओळखपत्रांतल्या चिपा काढून टाकलेल्या होत्या. बिल्ल्यांवर त्या जागी भोकं दिसत होती. पुढं दस्तगीर उभा होता. तो दोन वर्षांत वाळला होता.

"वाचा, मॅडम."

तिनं वाचलं. तीन पानांचं पत्र. कुणाला कुठलं शिक्षण, किती महिने, जमलं नाही तर पुढं काय, आणि कुठली गोष्ट अजून ठरलेली नाही. सावकाश, एकही ओळ न गाळता वाचलं. दस्तगीर डोळे मिटून ऐकत होता. तिचं वाचून झाल्यावर त्यानं पत्र तिच्या हातातून घेतलं आणि मागं वळून सुरेखा कांबळेला दिलं.

"आता तू वाच. शब्दाला शब्द."

सुरेखानं तेच पत्र पहिल्यापासून वाचलं. ती अडखळत, बोट फिरवत वाचत होती. हेमलता बाजूला उभी राहून ऐकत राहिली. आपण मघाशी काही वेगळं तर बोललो नाही ना, हे ती स्वतःही प्रत्येक ओळीला पडताळून बघत होती. दहा मिनिटं गेली. कुणी खुर्ची सरकवली नाही.

"सारखंच हाय न्हवं?" दस्तगीरनं विचारलं.

"सारखंच हाय," दोघा-तिघांनी सांगितलं.

त्यानं पत्राची घडी केली. "घरी न्हेतो. सह्यांचं उद्या सांगतो."

"चालेल, मामा," ती म्हणाली.

मामा म्हटल्यावर त्यानं तिच्याकडं बघितलं. बाकीचे उठून चहाच्या रांगेकडं निघाले होते. तो तिच्याजवळ आला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला,

"तुमी खोटं बोलला न्हाईसा, हे आमास्नी ठावं हाय. कोर्टात बी ऐकलं. लबाड मानूस आमाला वळखाया येतो, मॅडम. तेवढी वर्सं काढलीत आमी. पर समोरचं खरं बोलत असलं तर आमी काय करायचं, ते सांगा."

मग तो जाऊन रांगेत उभा राहिला.